कमकुवत पतनोंद आणि जुन्या मोटारीसाठीचे कर्ज : एक व्यावहारिक विवेचन

गोषवारा

नियमित मासिक वेतन नसलेल्या अथवा पूर्वी हप्ते थकलेल्या व्यक्तीस जुनी मोटार कर्जाने घेताना नेमके कोणते प्रश्न उद्भवतात, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे. पतनोंद कमकुवत असण्याची कारणे एकसारखी नसतात व त्यानुसार उपायही बदलतात. कर्जाची खरी किंमत मासिक हप्त्यावरून किंवा तोंडी सांगितलेल्या व्याजदरावरून कळत नाही, हे एका उदाहरणाच्या आधारे दाखविले आहे. वाहनावरील बोजा, मालकी हस्तांतरण, विमा आणि हप्ता थकल्यास होणारी जप्ती या बाबींचे विवेचन त्यास जोडले असून शेवटी सेवक पतसंस्थांच्या संदर्भात एक सूचना मांडली आहे.

बीजसंज्ञा : पतनोंद, सिबिल गुणांक, घटत्या शिलकीवरील व्याज, बोजा, तासिका तत्त्व, सेवक पतसंस्था.

१. प्रस्तावना

आमच्या महाविद्यालयात तासिका तत्त्वावर अध्यापन करणाऱ्या एका सहकारी प्राध्यापिकांनी गतवर्षी एक कागद माझ्यासमोर ठेवला. त्या सकाळी एका तालुक्याच्या ठिकाणी आणि दुपारी चाळीस किलोमीटरवरील दुसऱ्या महाविद्यालयात शिकवितात. मधली एस.टी. चुकली की दुसरीकडचा तास बुडतो, आणि बुडालेल्या तासाचे मानधन मिळत नाही. त्यामुळे मोटार ही त्यांची चैन नसून उत्पन्नाचे साधन होती. नऊ वर्षे वापरलेली एक गाडी त्यांनी ४,२०,००० रुपयांस ठरविली होती. बँकेने 'सिबिल कमी आहे' असे सांगून अर्ज परत केला होता. त्यानंतर गाडी विकणाऱ्या दलालाने एका वित्त कंपनीकडून ३,००,००० रुपयांचे कर्ज 'बारा टक्क्यांनी' मिळवून देण्याची तयारी दाखविली. समोरच्या कागदावर हप्ता ९,२५० रुपये व मुदत ४८ महिने, एवढाच मजकूर होता.

बाईंचा प्रश्न साधा होता : बारा टक्के हा दर वाजवी आहे काय? त्याचे उत्तर शोधताना लक्षात आले की, दर बारा टक्के नव्हताच. शिवाय बँकेने ज्या कारणास्तव अर्ज परत केला, ते कारणही अंशतः खोटे होते. अर्थशास्त्र व वाणिज्य यांचे अध्यापन करणाऱ्यांनाही व्यवहारात हे दोन्ही मुद्दे सहसा ठाऊक नसतात, असा अनुभव आल्याने प्रस्तुत लेखाचा प्रपंच केला आहे.

२. 'पत खराब आहे' म्हणजे काय?

भारतात वैयक्तिक कर्जदारांच्या परतफेडीची नोंद ठेवणारी पहिली संस्था, म्हणजे सिबिल, २००० साली स्थापन झाली. पतमाहिती कंपन्यांचे नियमन करणारा कायदा २००५ साली संमत झाला. आज ट्रान्सयुनियन सिबिल, एक्स्पेरियन, इक्विफॅक्स आणि क्रिफ हाय मार्क अशा चार कंपन्या कार्यरत असल्या, तरी बोलीभाषेत 'सिबिल' हा शब्द गुणांकाचाच पर्याय होऊन बसला आहे. सिबिलचा गुणांक ३०० ते ९०० या दरम्यान असतो. साधारणतः ७५० च्या पुढील गुणांक चांगला समजला जातो. मात्र अमुक गुणांकाखाली कर्ज देऊ नये, अशी कोणतीही कायदेशीर मर्यादा नाही. प्रत्येक संस्था आपापले धोरण ठरविते. त्यामुळे एका बँकेचा नकार हा सर्वांचा नकार नसतो, आणि एखाद्या वित्त कंपनीचा होकार हा कृपाप्रसादही नसतो. तिने जोखमीची किंमत लावलेली असते, इतकेच.

'पत खराब' या एकाच शब्दप्रयोगाखाली तीन भिन्न अवस्था एकत्र केल्या जातात. त्या वेगळ्या करणे ही पहिली पायरी होय.

पहिली अवस्था खऱ्या थकबाकीची. अहवालात प्रत्येक कर्जखात्यापुढे गेल्या ३६ महिन्यांपर्यंतच्या परतफेडीचा तक्ता असतो व हप्ता किती दिवस उशिरा भरला, हे त्यात महिनावार दिसते. याच अहवालात काही खात्यांपुढे 'सेटल्ड' असा शेरा आढळतो. थकलेल्या रकमेपैकी काही भाग माफ करून तडजोडीने खाते मिटविले, असा त्याचा अर्थ. कर्जदाराला वाटते, व्यवहार पूर्ण झाला. परंतु पुढील सावकार त्या शेऱ्याचे वाचन 'या व्यक्तीने पूर्ण पैसे दिले नाहीत' असेच करतो. 'क्लोज्ड' आणि 'सेटल्ड' या दोन शब्दांत वसुली अधिकारी फरक करून सांगत नाहीत. त्याची किंमत मात्र पुढील कर्जाच्या वेळी मोजावी लागते.

दुसरी अवस्था कोऱ्या पाटीची. ज्याने बँकेचे कर्ज कधी घेतलेच नाही, त्याचा गुणांक तयार होत नाही. महाराष्ट्रातील प्राध्यापकवर्गाच्या बाबतीत येथे एक विशेष बाब नमूद करावीशी वाटते. आपल्याकडे अनेकांची कर्जे सेवकांच्या सहकारी पतसंस्थेतून झालेली असतात. या पतसंस्था रिझर्व्ह बँकेच्या नियमनाखाली येत नाहीत व तेथील परतफेड पतमाहिती कंपन्यांकडे सहसा नोंदविली जात नाही. वीस वर्षे एकही हप्ता न चुकविलेला सभासद बँकेच्या संगणकावर अनोळखी ठरतो, तो यामुळे. केवळ पूर्वेतिहास नाही म्हणून प्रथमच कर्ज मागणाऱ्याचा अर्ज नाकारू नये, असे रिझर्व्ह बँकेने २०२५ साली कर्जदात्या संस्थांना सूचित केले आहे. शाखेच्या काउंटरवर ही सूचना दाखविण्याची वेळ येऊ शकते.

तिसरी अवस्था चुकीच्या नोंदीची. फेडलेले कर्ज चालू दिसणे, नामसाधर्म्यामुळे दुसऱ्याचे खाते आपल्या पॅन क्रमांकाखाली येणे, बंद केलेल्या क्रेडिट कार्डावर वार्षिक शुल्काची थकबाकी उभी राहणे, हे प्रकार दुर्मीळ नाहीत. आमच्या सहकारी बाईंच्या अहवालात मोबाईल फोनसाठी घेतलेले एक छोटे कर्ज होते. ते पूर्ण फेडल्याची पावती त्यांच्याजवळ होती, तरीही ७८० रुपये थकीत असल्याची नोंद महिन्यामागून महिना पुढे सरकत राहिली होती. दुसऱ्या एका खात्यावर दोन महिन्यांचा उशीर मात्र खरा होता. त्या सत्राचे मानधन वेळेवर आले नव्हते, हे त्याचे कारण. पण अहवालात कारणासाठी रकाना नसतो.

३. नोंदीची तपासणी व दुरुस्ती

१ जानेवारी २०१७ पासून प्रत्येक पतमाहिती कंपनीने वर्षातून एकदा संपूर्ण अहवाल विनामूल्य द्यावा, असे बंधन आहे. म्हणजे चार कंपन्यांकडून वर्षाला चार अहवाल फुकट मिळू शकतात. स्वतःचा अहवाल स्वतः पाहिल्याने गुणांक घटत नाही. गुणांकावर परिणाम होतो तो कर्जदात्याने केलेल्या चौकशीचा. आणि येथेच जुन्या गाड्यांच्या बाजारात नकळत नुकसान होते. दलाल एकच अर्ज एकाच दिवशी पाच-सहा वित्त कंपन्यांकडे पाठवितो, कारण कोठेतरी मंजूर व्हावे, एवढाच त्याचा हेतू असतो. अल्पावधीत झालेल्या अशा अनेक चौकश्या 'हा माणूस दारोदार कर्ज मागत फिरतो आहे' असे चित्र उभे करतात. पॅन कार्डाची प्रत दलालाच्या हाती देण्यापूर्वी अर्ज कोठे जाणार, हे विचारून घ्यावे.

चुकीची नोंद आढळल्यास २००५ च्या कायद्याच्या कलम २१ अन्वये दुरुस्ती मागता येते. तक्रार थेट पतमाहिती कंपनीकडे किंवा संबंधित कर्जदात्याकडे करावी. तिचे निराकरण ३० दिवसांत न झाल्यास त्यापुढील प्रत्येक दिवसास १०० रुपये भरपाई तक्रारदारास देय होते. ही तरतूद २६ एप्रिल २०२४ पासून अंमलात आली. तरीही दाद न लागल्यास रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाता येते. सप्टेंबर २०२२ पासून पतमाहिती कंपन्याही या व्यवस्थेच्या कक्षेत आल्या आहेत. खरी असलेली थकबाकी मात्र कोणालाही पुसून टाकता येत नाही. 'सिबिल दुरुस्त करून मिळेल' अशा जाहिराती करणारे शुल्क घेऊन एक तर आपण स्वतः करू शकतो तेच करतात, अथवा काहीच करीत नाहीत. २०२५ पासून कर्जदात्यांनी किमान दर पंधरवड्यास माहिती कळवावयाची असल्याने नियमित परतफेडीचा परिणाम अहवालात पूर्वीपेक्षा लवकर उमटू लागला आहे.

४. सावकाराच्या दृष्टीने जुनी गाडी

नवी गाडी आणि जुनी गाडी यांवरील कर्जांत केवळ दराचा फरक नसतो. जुन्या गाडीच्या बाबतीत वित्तसंस्था विक्रेत्याने सांगितलेली किंमत मानीत नाही. तिचा मूल्यांकनकार येऊन गाडी पाहतो व त्याच्या आकड्यावर कर्जाचे प्रमाण ठरते. वरील उदाहरणात ठरलेली किंमत ४,२०,००० रुपये, मूल्यांकन ३,७५,००० रुपये व कर्ज त्याच्या ८० टक्के, म्हणजे ३,००,००० रुपये. उरलेले १,२०,००० रुपये पदरचे. पत अधिक कमकुवत असती तर हेच प्रमाण ७० टक्क्यांवर येऊन कर्ज २,६२,५०० रुपये झाले असते.

एक गोष्ट येथे सुचवाविशी वाटते. मूल्यांकनाचा आकडा हा खरेदीदाराला मिळणारा जवळजवळ एकमेव त्रयस्थ अंदाज असतो. विक्रेता पंचेचाळीस हजार अधिक मागत असेल, तर तो फरक कशाचा, हे विचारण्याचा अधिकार त्या आकड्याने मिळतो. बहुतेक ग्राहक तो आकडा विचारीतही नाहीत. त्याशिवाय गाडीचे वय आणि कर्जाची मुदत यांची बेरीज दहा-बारा वर्षांपुढे जाऊ नये, असा दंडक अनेक संस्था पाळतात. जुनी गाडी स्वस्त असली तरी तिच्यासाठी मिळणारी मुदत कमी आणि म्हणून हप्ता मोठा, असा विपरीत परिणाम त्यातून होतो.

५. हप्ता आणि कर्जाची खरी किंमत

आता मूळ प्रश्नाकडे वळू. ३,००,००० रुपयांवर १२ टक्के दराने चार वर्षांचे व्याज १,४४,००० रुपये. एकूण ४,४४,००० रुपये. त्यास ४८ ने भागले की ९,२५० रुपये. दलालाने सांगितलेला हप्ता बरोबर जुळतो. शाळेत शिकविलेल्या सरळव्याजाच्या गणितात काही चूक नाही. चूक आहे ती त्यामागच्या गृहीतकात. या पद्धतीत चारही वर्षे पूर्ण तीन लाखांवर व्याज आकारले जाते. प्रत्यक्षात पहिल्या महिन्यापासून मुद्दल फिटत जाते. दोन वर्षांनंतर कर्जदाराकडे तीन लाख नसतातच. बाजारात यास 'फ्लॅट रेट' म्हणतात. बँका ज्या घटत्या शिलकीवर व्याज आकारतात, त्या पद्धतीने मोजल्यास ९,२५० रुपयांच्या हप्त्याचा दर वार्षिक सुमारे २०.७५ टक्के येतो.

हे येथेच थांबत नाही. प्रक्रिया शुल्क, मूल्यांकन शुल्क, कागदपत्रांचा खर्च आणि 'कर्ज संरक्षण' नावाचा विमा यांपोटी १२,००० रुपये कर्जाच्या रकमेतूनच कापले जाणार होते. म्हणजे हाती येणार २,८८,००० आणि फेडावयाचे मात्र तीन लाखांच्या हिशेबाने. असे धरल्यास प्रत्यक्ष दर २३ टक्क्यांच्या पुढे जातो. बारा टक्के म्हणून विचारलेल्या प्रश्नाचे हे उत्तर. गाडी पडणार होती ४,४४,००० अधिक १,२०,००० अधिक कापलेल्या १२,००० रुपयांची भरपाई, म्हणजे ५,७६,००० रुपयांना.

तुलनेसाठी, हेच तीन लाख घटत्या शिलकीवर १४ टक्क्यांनी घेतले असते तर हप्ता सुमारे ८,२०० रुपये आणि एकूण व्याज सुमारे ९३,५०० रुपये झाले असते. 'चौदा टक्क्यां'चे कर्ज 'बारा टक्क्यां'च्या कर्जापेक्षा पन्नास हजारांनी स्वस्त ठरते, हे विद्यार्थ्यांना फळ्यावर दाखविण्याजोगे उदाहरण आहे. तोंडी हिशेबासाठी एवढे ध्यानात ठेवले तरी पुरे की, तीन-चार वर्षांच्या मुदतीत फ्लॅट दराची साधारण पावणेदोन पट केली असता खरा दर हाती येतो.

दोन वर्षांनी गाडी विकावी लागली तर काय, हा प्रश्न जुन्या गाडीच्या बाबतीत कल्पनेतला नाही. २४ हप्ते, म्हणजे २,२२,००० रुपये भरल्यानंतरही या कर्जाची शिल्लक सुमारे १,८०,४०० रुपये राहते. कारण सुरुवातीच्या हप्त्यांतील मोठा भाग व्याजात जातो. पहिल्या दोन वर्षांतच व्याजापोटी सुमारे १,०२,४०० रुपये गेलेले असतात. त्यावेळी अकरा वर्षांच्या झालेल्या गाडीस शिल्लक कर्जाइतकीही किंमत न आल्यास गाडी देऊन वर पैसे भरावे लागतात. हप्ता कमी व्हावा म्हणून मुदत वाढविण्याचा मोह येथे घातक ठरतो. मुदत वाढली की हप्ता घटतो, परंतु गाडीची किंमत कर्जापेक्षा वेगाने खाली येण्याचा काळही लांबतो.

६. करारपत्रात काय वाचावे

सुदैवाने या बाबतीत कायदा पूर्वीपेक्षा ग्राहकाच्या बाजूला सरकला आहे. १ ऑक्टोबर २०२४ पासून बँका व बँकेतर वित्त कंपन्यांनी प्रत्येक नव्या किरकोळ मुदतकर्जासोबत 'मुख्य तथ्य विवरणपत्र' देणे अनिवार्य आहे. त्यात सर्व शुल्के धरून येणारा वार्षिक टक्केवारी दर लिहिलेला असतो. या विवरणपत्रात न दाखविलेले शुल्क कर्जदाराच्या स्पष्ट संमतीशिवाय पुढे आकारता येत नाही. आमच्या बाईंना हे विवरणपत्र दलालाने दिलेच नव्हते. मागितल्यावर दोन दिवसांनी आले व त्यात दर तेवीस टक्क्यांपुढेच निघाला. तोंडी दर आणि विवरणपत्रातील दर यांत एवढी तफावत असताना पहिला आकडा सांगणाऱ्यास खोटे बोलल्याचे वाटतही नाही, हे मला अधिक चिंताजनक वाटते.

हप्त्यास उशीर झाल्यास दंडात्मक व्याज लावून ते मुद्दलात मिळविण्याची जुनी पद्धत रिझर्व्ह बँकेच्या ऑगस्ट २०२३ च्या परिपत्रकाने बंद झाली. २०२४ पासून केवळ वाजवी दंड आकारता येतो, त्यावर पुन्हा व्याज चढत नाही. मुदतपूर्व परतफेडीचे मात्र बारकाईने पाहावे. १ जानेवारी २०२६ पासून मंजूर झालेल्या, बदलत्या व्याजदराच्या व व्यवसायेतर वैयक्तिक कर्जांवर मुदतपूर्व परतफेडीचे शुल्क घेता येत नाही. जुन्या गाड्यांची कर्जे बहुधा स्थिर दराची असल्याने या सवलतीबाहेर राहतात. थकीत मानधन एकरकमी आल्यावर कर्ज फेडून टाकू, असा हिशेब करणाऱ्याने शुल्काचे कलम आधी वाचलेले बरे.

जामीनदाराविषयी दोन शब्द. पत कमकुवत असली की जामीनदार मागितला जातो आणि सहकाऱ्याला नाही म्हणणे जड जाते. भारतीय करार कायदा, १८७२ च्या कलम १२८ नुसार जामीनदाराची जबाबदारी मूळ कर्जदाराइतकीच असते. आधी कर्जदाराकडून वसूल करा, असे त्याला म्हणता येत नाही. जामिनकीची नोंद त्याच्या स्वतःच्या पतअहवालातही येते.

७. बोजा, मालकी आणि विमा

सातबाऱ्यावर जसा कर्जाचा बोजा चढतो, तसाच तो वाहनाच्या नोंदणी प्रमाणपत्रावर चढतो. मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ५१ मध्ये त्याची तरतूद आहे. आर.टी.ओ. कार्यालयाच्या परिसरात यास 'एच.पी.' म्हणतात. बोजा चढविण्यासाठी नमुना ३४ व उतरविण्यासाठी नमुना ३५ वापरतात. विक्रेत्याने पूर्वी घेतलेले कर्ज फिटले असले, तरी नमुना ३५ आणि सावकाराचे ना हरकत प्रमाणपत्र सादर होईपर्यंत बोजा कागदावर तसाच राहतो. त्या प्रमाणपत्राची मुदत सहसा तीन महिन्यांची असते. ती टळून गेलेली गाडी घेतल्यास नवा मालक जुन्या सावकाराच्या दारी हेलपाटे घालतो. परिवहन मंत्रालयाच्या 'वाहन' संकेतस्थळावर बोजा, विम्याची मुदत व मालकाचा अनुक्रम पाहता येतो. सौदा ठरण्यापूर्वी ही पाच मिनिटे द्यावीत.

कर्ज न मिळणाऱ्यांना एक सोपी वाट हमखास दाखविली जाते : 'कर्ज माझ्या नावावरच राहू द्या, हप्ते तुम्ही भरा, गाडी तुम्ही चालवा.' हा व्यवहार मुद्रांकावर लिहिला जातो. सावकाराच्या संमतीशिवाय असे हस्तांतरण त्याच्यावर बंधनकारक नसते. घेणाऱ्याने नियमित पैसे दिले आणि मूळ मालकाने ते पुढे भरले नाहीत, तर गाडी घेणाऱ्याच्या अंगणातून ओढून नेली जाते. त्याची परतफेड कोणाच्याच नोंदीत त्याच्या नावे जमा होत नाही, म्हणजे पत सुधारण्याचा हेतूही साधत नाही.

विक्री राज्यातल्या राज्यात असल्यास विकणाऱ्याने १४ दिवसांत व घेणाऱ्याने ३० दिवसांत हस्तांतरणाची वर्दी द्यावयाची असते. त्यासाठी नमुने २९ व ३० आहेत. या नमुन्यांवर कोऱ्या सह्या घेऊन ते दलालाच्या खणात पडून राहणे, ही आपल्याकडची जुनी रीत. सर्वोच्च न्यायालयाने २०१८ साली नवीन कुमार विरुद्ध विजय कुमार या प्रकरणात नोंदणीकृत मालकच अपघाताच्या भरपाईस जबाबदार राहतो, असा निर्णय दिला. गाडी अनेक हातांतून गेली होती, तरी कागदावरचे नाव पहिल्याचेच होते. १ एप्रिल २०२३ पासून अधिकृत विक्रेत्यांसाठी स्वतंत्र नियम लागू झाले असून, गाडी विक्रेत्याकडे सुपूर्द केल्याची वर्दी दिल्यानंतर तो मानीव मालक ठरतो. अशा नोंदणीकृत विक्रेत्याकडून घेतलेली गाडी थोडी महाग पडली, तरी जबाबदार माणूस समोर असतो.

विम्याबाबत एक गैरसमज सार्वत्रिक आहे. गाडीबरोबर विमा आपोआप येतो, असे मानले जाते. ते त्रयस्थ व्यक्तीच्या नुकसानीपुरते खरे आहे. गाडीच्या स्वतःच्या नुकसानीचे संरक्षण नाव बदलून घेतल्याशिवाय नव्या मालकास मिळत नाही, आणि विनादावा सवलत ही तर माणसाची असते, गाडीची नव्हे. डोक्यावर कर्ज आणि पावसाळ्यात बुडालेली गाडी विम्याविना, ही स्थिती कोणावर येऊ नये. २६ जुलै २००५ रोजी मुंबईत आणि २०१९ साली कोल्हापूर-सांगली भागात बुडालेल्या गाड्यांचा अनुभव जुना नाही. आसनपट्टा पूर्ण बाहेर ओढून त्यावर गढूळ पाण्याची रेघ दिसते काय, पायपुसणीखाली चिखल व आसनाच्या लोखंडी पट्ट्यांवर गंज आहे काय, हे कोणासही पाहता येते. परराज्यातील स्वस्त गाडीचाही विचार जपून करावा. राष्ट्रीय हरित लवादाच्या २०१५ च्या आदेशानंतर दिल्ली परिसरातील जुन्या डिझेल गाड्या देशभर विकल्या जाऊ लागल्या. मात्र अशी गाडी येथे कायम आणल्यास नमुना २८ चे ना हरकत प्रमाणपत्र, पुनर्नोंदणी आणि महाराष्ट्राचा कर हे सर्व करावे लागते, आणि या खर्चासाठी कर्ज मिळत नाही.

८. हप्ता थकल्यास

करारात गाडी ताब्यात घेण्याचे कलम असते व ते बेकायदा नाही. परंतु त्याची रीत ठरलेली आहे. रिझर्व्ह बँकेने २००९ साली बँकेतर वित्त कंपन्यांना सांगितले की, ताब्यात घेण्यापूर्वीच्या सूचनेचा कालावधी, कार्यपद्धती आणि विक्रीपूर्वी परतफेडीची अखेरची संधी, या बाबी करारात असल्याच पाहिजेत. गुंड पाठवून वसुली करण्याच्या प्रकारावर सर्वोच्च न्यायालयाने २००७ साली आयसीआयसीआय बँक विरुद्ध प्रकाश कौर या प्रकरणात कठोर ताशेरे ओढले. त्यामुळे रस्त्यात गाडी अडवून किल्ली हिसकावली गेल्यास पोलिसांत तक्रार करणे गैर नाही. मात्र गाडी गेली म्हणजे कर्ज संपले, ही समजूत चुकीची आहे. लिलावात आलेली रक्कम कमी पडल्यास फरक कर्जदाराकडून मागितला जातो व थकबाकीची नोंद राहतेच. दोन हप्ते चुकणार असे दिसताच सावकारास लेखी कळवून फेररचना मागणे, हे गाडी लपविण्यापेक्षा केव्हाही उपयोगाचे.

९. पर्याय आणि सेवक पतसंस्था

सोन्याच्या तारणावरील, आयुर्विमा पॉलिसीवरील किंवा मुदत ठेवीवरील कर्ज पतगुणांकावर फारसे अवलंबून नसते व व्याजही सामान्यतः कमी असते. ज्यांच्याजवळ असे काही आहे, त्यांनी तेवीस टक्क्यांकडे वळण्याचे कारण नाही. ज्यांच्याजवळ नाही, त्यांचाच प्रश्न खरा आहे.

कायम सेवकांसाठी पतसंस्था असते. तिचे कर्ज सुरक्षित राहते, कारण महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, १९६० च्या कलम ४९ नुसार हप्ता वेतनातूनच कापून घेता येतो. तासिका तत्त्वावरील अध्यापकास मासिक वेतनपत्रक नाही, म्हणून कपात नाही, म्हणून बहुतेक ठिकाणी सभासदत्वही नाही. परिणामी ज्यांचे उत्पन्न सर्वांत अनिश्चित, त्यांनाच सर्वांत महाग कर्ज घ्यावे लागते. अधिनियमाच्या कलम २४ मध्ये नाममात्र सभासदाची तरतूद आहे. सत्राच्या मानधनाच्या देयकातून कपात करण्याचे अध्यापकाचे लेखी संमतीपत्र व महाविद्यालयाची हमी घेऊन, मर्यादित रकमेचे कर्ज देण्याची दुरुस्ती उपविधीत करता येईल काय, याचा विचार संचालक मंडळांनी करावा, अशी माझी सूचना आहे. या मंडळांवर आपल्यापैकीच अनेकजण आहेत.

आमच्या बाईंच्या तक्रारीचा निकाल सव्विसाव्या दिवशी लागला. ७८० रुपयांची नोंद गेली, दोन महिन्यांचा खरा उशीर राहिला. दलालाचे कर्ज त्यांनी नाकारले. चार महिन्यांनी एका सहकारी बँकेने घटत्या शिलकीवर पंधरा टक्क्यांनी १,५०,००० रुपये, तीस महिन्यांसाठी, मंजूर केले. गाडी ठरली होती त्याहून लहान आणि दोन वर्षांनी जुनी आहे. मधल्या चार महिन्यांत दुपारचे अकरा तास बुडाले, त्याचे मानधन मिळाले नाही.